पुण्यातल्या पुण्यात, मेंदूची चित्रं काढायला

या वेळचा प्रवास खडकी ते पाषाण, खडकी ते शनिवार पेठ आणि खडकी ते हडपसर एवढाच आहे. घाट नाही, समुद्र नाही. पण माझ्या आजवरच्या भटकंतीत जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागला तो इथेच, म्हणून लिहितेय. शिवाय तुमच्यापैकी कोणाच्या मनात अशा अभ्यासात भाग घ्यायचं असेल, तर थोडा उपयोगही होईल.

सुरुवात केतकीच्या फोनने झाली. केतकी माझ्या ओळखीतली, संशोधक आहे. ऑटिझम आणि एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांच्या मेंदूंचे एमआरआय काही संस्था मिळून गोळा करतायत. अडचण अशी की प्रत्येक यंत्र त्याच डोक्याचं चित्र जरा वेगळं काढतं. त्यामुळे सगळी चित्रं एकत्र करण्याआधी काही माणसांना प्रत्येक यंत्रात झोपवून फरक बघावा लागतो. एकाच माणसाने तीन स्टुडिओत जाऊन फोटो काढावा, तसं.

आमच्या घरात दोन्ही प्रकार उपलब्ध आहेत. माझा धाकटा भाऊ सुमेध ऑटिस्टिक आहे, हे लहानपणीच कळलं होतं. आता तो कसबा पेठेत एका बाइंडरकडे पुस्तकांची पानं जुळवायचं काम करतो. माझा एडीएचडी मात्र अगदी अलीकडे, पस्तिशीत कळला. तोपर्यंत घरात त्याला धांदरटपणा म्हणत.

केतकीने सुमेधशी वेगळं बोलायचंय म्हटलं आणि यंत्राचे आवाज त्याच्या फोनवर पाठवले. त्याने ते दोन दिवस ऐकले आणि म्हणाला, "चालेल." आईला आवाजांशी देणंघेणं नव्हतं. ती मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाली, "डॉक्टरांना आतलं सगळं दिसेल ना? मग विचार, आमच्यामागे हा एकटा राहू शकेल का."

मी म्हटलं, विचारते. तिथून माझी झोप गेली.

पहिलं ठिकाण पाषाणच्या बाजूला, एका संस्थेच्या आवारात. खडकी बाजारातून रिक्षा केली. मीटरने यायला तिसरा रिक्षावाला तयार झाला. विद्यापीठ चौकात नेहमीप्रमाणे मुक्काम पडला. सुमेध शांतपणे बाहेर बघत होता आणि मी पर्स उघडत-मिटत होते.

"ताई, तुझं काही हरवलंय का?"

"नाही रे."

"मग शोधतेस काय?"

जाणाऱ्यांसाठी सूचना: सुती कपडे घाला, चेन आणि हुक नकोत. पिना, कानातलं, मंगळसूत्र घरीच ठेवा, आणि काजळही लावू नका, त्यातसुद्धा कधीकधी धातू असतो. खर्च काही नाही, जाण्यायेण्याचं भाडं ते देतात. कँटीनचा चहा मात्र आपला आपण, आणि तो न घेतलात तरी चालेल.

तिथे आधी एका खोट्या यंत्रात सराव करून घेतात. मग खरं. डोक्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवतात, कानात बोळे, हातात रबरी फुगा. नको वाटलं की फुगा दाबायचा. तंत्रज्ञ काका पेठेतलेच असावेत. मला म्हणाले, "हलायचं नाही म्हणजे हलायचं नाही. नाक खाजलं तर खाजू दे, पळून जात नाही ते."

समोर एक अधिकचं चिन्ह दिसतं. त्याकडे बघत पडून राहायचं, झोपायचं नाही. मला त्या चिन्हाकडे बघताना गॅस बंद केला की नाही इथपासून पुढच्या उन्हाळ्यात कुठे जायचं इथपर्यंत सगळं आठवलं, आणि दर थोड्या वेळाने बाहेर बसलेला सुमेध. ठकठक, घरघर, मध्येच सायरनसारखं काहीतरी. बाहेर आले तेव्हा जबडा दुखत होता. सुमेध आत गेला, संपल्यावर बाहेर आला आणि म्हणाला, "रेकॉर्डिंगपेक्षा मोठा होता आवाज." एवढंच. आईला फोन केला तर ती रडायलाच लागली, आनंदाने.

शनिवार पेठेतलं इमेजिंग सेंटर दोन दिवसांनी. त्या दिवशी बसने गेलो, कारण ती बस सुमेधची रोजची. रस्ते त्याचे, थांबा त्याचा, त्यामुळे मी जरा निर्धास्त होते. खायचं झालं तर जवळपास मिसळ उत्तम मिळते. सुमेध दहीभात सोडून बाहेरचं काही खात नाही, तो आम्ही डब्यात नेला होता. मी मिसळ मागवली आणि जास्तीचा पाव मागितला, तर मालक म्हणाले, "आधी आहे तो संपवा. पाव कुठे जात नाहीयेत."

या सेंटरमधलं यंत्र दुसऱ्या कंपनीचं. बोगदा अरुंद आणि आवाजाची चाल निराळी. माझं झालं. मग सुमेध आत गेला. मी काचेपलीकडे केतकीच्या शेजारी उभी होते. थोड्या वेळाने घंटा वाजली. त्याने फुगा दाबला होता.

यंत्र लगेच थांबलं. त्याला बाहेर काढलं. तो उठून बसला, कानातले बोळे काढून तळहातावर ठेवले.

"बास. आता नाही."

माझ्याकडे अशा वेळची जुनी तयारी असते. आवाज गोड करायचा, थोडंच राहिलंय म्हणायचं, नंतर काहीतरी आवडतं द्यायचं कबूल करायचं. त्याचा नकार असा हळूहळू विरघळवायला मी लहानपणीच शिकले. दवाखाने, शाळा, न्हाव्याची खुर्ची, सगळीकडे तेच. मी सुरू केलंच, "सुमेध, अरे थोडंच..."

केतकीने माझ्या हाताला हलकेच स्पर्श केला आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसली.

"सुमेध, आजच्यापुरतं नको की पुढच्या ठिकाणीही नको?"

त्याने विचार केला. "पुढेही नको."

"ठीक आहे. मग तुझं काम इथे संपलं. थँक यू."

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "पण मग तुमचं? त्याचं एकच चित्र राहील. तुलना कशाशी करणार?"

"नाही करता येणार," ती म्हणाली. "आम्हाला दुसरं कोणीतरी शोधावं लागेल."

"त्याला अर्धा तास बसू दे. मी बोलते त्याच्याशी."

"प्रज्ञाताई, तो बोललाय."

मला राग आला. केतकीचा, सुमेधचा, कोणाचा ते कळेना. तेवढ्यात आईचा फोन. तिला सांगितलं तर म्हणाली, "तू होतीस ना तिथे? मग समजावलं का नाहीस?" मी फोन ठेवला आणि चालत सुटले. बाइंडरकडे एक निरोप द्यायचा होता, म्हणून कसबा पेठेच्या दिशेने. सायकली, हातगाड्या, तांब्याच्या भांड्यांचे ढीग, यांतून वाट काढत मी निघाले. मागे वळून बघितलं तर सुमेध बराच मागे होता.

तो जवळ आला. "तू रागावलीस."

"नाही."

"मग भरभर का चालतेस?"

"मी नेहमीच भरभर चालते."

"आज जास्त."

मी थांबले. एका दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानदाराने आमच्याकडे बघितलं आणि पायरीवर बसू नये अशा अर्थाच्या पाटीकडे बोट दाखवलं. उठलो, पुढच्या देवळाच्या कट्ट्यावर बसलो.

सुमेध म्हणाला, "मी दाबलं आणि त्यांनी थांबवलं."

"हो."

"लगेच थांबवलं."

"हो रे, बघितलं मी."

"का म्हणून विचारलं नाही."

हे तो मला सांगत नव्हता, स्वतःशीच पुन्हा पुन्हा तपासून बघत होता. त्याचा चेहरा मला आठवतोय. घाबरलेला नव्हता, थकलेलाही नव्हता. मी त्याला तसं क्वचितच पाहिलंय. माझा राग कुठे गेला ते माहीत नाही, पण त्याच्या जागी जे आलं ते जास्त टोचत होतं.

हडपसरला मी एकटी गेले. लवकर निघा, कारण सकाळी त्या रस्त्यावर बस चालत नाही, सरकते. रुग्णालयाच्या तळघरात यंत्र होतं. आत गेल्यावर लक्षात आलं, आधीच्या दोन्ही वेळी मी पडल्या पडल्या सुमेधची काळजी करत होते आणि त्या काळजीतच माझं मन गुंतलेलं होतं. आता काळजीला कोणी नव्हतं. पाय वळवळायला लागले. मग खांदा. माइकवरून आवाज आला, "मॅडम, हललात. हा भाग वाया गेला, परत घ्यावा लागेल. चालेल का?"

कोणीतरी मला चालेल का विचारतंय, याचंच मला नवल वाटलं. मग म्हटलं, "आधी जरा बाहेर येऊ दे." त्यांनी बाहेर काढलं. मी त्या गार खोलीत दोन-चार फेऱ्या मारल्या, पाणी प्यायले आणि परत आडवी झाले. दुसऱ्यांदा जमलं.

तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर माझा मेंदू दाखवला. उभ्या चिरलेल्या कोबीसारखा. मी डोळे फाडून त्यात माझा धांदरटपणा शोधला. मग आईचा प्रश्न विचारला, सुमेधच्या पाषाणच्या चित्राबद्दल. डॉक्टर म्हणाले, "एका माणसाच्या चित्रावरून आम्हाला असं काहीही सांगता येत नाही. खूप जणांची एकत्र ठेवली तर कदाचित काही कळेल, तेही सगळ्यांबद्दल मिळून. तो एकटा राहू शकेल का, हे त्यालाच विचारत राहावं लागेल."

घरी आले. आई दारातच उभी होती. "काय म्हणाले?" मी सांगितलं. ती आत जाऊन पोळ्या लाटायला लागली. खूप दिवस धरलेली आशा होती ती, आणि मी ती दोन वाक्यांत संपवली. पप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला, एवढंच.

जेवणं झाल्यावर आईने सुमेधचा नवा शर्ट आणला. रविवारी मामेबहिणीचं लग्न होतं, आकुर्डीला. "घालून बघ."

"मी येणार नाही," सुमेध म्हणाला. "डीजे असतो."

आईने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला चांगला कळतो. गोड आवाज गळ्यापर्यंत आलाच होता. तो गिळायला मला यंत्रात पडून राहण्यापेक्षा जास्त जड गेलं.

"अजिबातच यायचं नाही, की फक्त डीजे नको?" मी विचारलं.

तो विचार करायला लागला. आई मध्ये बोलणार होती, पप्पांनी हाताने थांबवलं.

"डीजे संपल्यावर येईन. वधू-वरांना भेटेन. आइस्क्रीम खाईन. मग घरी."

"मी घेऊन येतो त्याला," पप्पा म्हणाले. "मलाही तो आवाज सोसत नाही."

हे त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं.

माझ्या मेंदूची चित्रं आता कुठल्यातरी संगणकात अनोळखी लोकांच्या मेंदूंशेजारी पडून आहेत. त्यांतून काय निघेल, कधी निघेल, कोण जाणे. आईचा प्रश्न तर आहे तिथेच आहे. फरक एवढाच, की आता तो सुमेधच्या पाठीमागे विचारला जात नाही. परवा आईने त्याला समोर बसवून विचारलं, एकटा राहशील का. तो म्हणाला, "आधी एक रात्र राहून बघतो."

आई अजून तारीख ठरवतेय. त्याने मात्र दहीभातासाठी दुधाला विरजण कसं लावायचं ते शिकायला घेतलंय.