नानीच्या हातचं

नानीनं कधी कोणाला औषध दिलं नाही, खाऊ घातलं. मी लहान असताना मला जंत झाले होते. आईनं गोळी हातावर ठेवली आणि मी तोंड घट्ट मिटून बसले. आईचा हात उगारलेला पाहून शेजारची नानी आत आली, ती गोळी घेऊन गेली आणि जरा वेळानं गूळखोबरं भरलेली दोन घावनं घेऊन परत आली. मी ती मिटक्या मारत संपवली. "झाला औषध," ती आईला म्हणाली. मी भोकाड पसरलं, पण दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा घावन आणलं तेव्हा तेही खाल्लं.

लालबागच्या आमच्या चाळीत तिची खोली आणि आमची खोली भिंतीला भिंत लावून. नात्यानं ती आमची कोणी नव्हती. ती मालवणकडची, आम्ही रत्नागिरीचे, आणि माशाच्या कालवणावरून आईचं आणि तिचं जन्मभर पटलं नाही. पण मजल्यावर कोणाला काही पाजायचं असलं की नानीलाच हाक. तिच्या लेकीच्या, सुनीताच्या, रक्तवाढीच्या गोळ्या चटणीत गेल्या, आमच्या आजोबांचं कडू चूर्ण थालिपिठात गेलं. "सांगान कोण खाता? पोटात गेला म्हणजे झाला," असं तिचं म्हणणं, आणि यात कोणाची फसवणूक होते हे तिच्या गावीही नव्हतं.

तिची ही विद्या एकाच माणसापुढे चालत नसे, तिच्या नवऱ्यापुढे. नाना गिरणी बंद पडल्यावर शिवडीच्या एका गोदामात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बोलणं कमी, पण जीभ भारी तिखट, आणि खाण्यात तर महाचोखंदळ. आमसूल गेल्या वर्षीचं आहे की यंदाचं हे ते पहिल्या घोटाला सांगत. नानी त्यांच्या नावानं बोटं मोडायची, पण ताट वाढून झाल्यावर त्यांचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत उभी राहायची. ते काही बोलले नाहीत म्हणजे जेवण उत्तम झालं. चाळीस वर्षं तिला एवढंच प्रशस्तिपत्र मिळालं, आणि तिला ते पुरत होतं.

मग नानांच्या पोटात ते दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, सलाइनमधून द्यायची औषधं सुरू झाली आणि त्यांच्या अन्नावरची वासनाच उडाली. तोंडात लोखंड ठेवल्यासारखं वाटतं म्हणायचे. परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की वजन असंच उतरत राहिलं तर पुढचे डोस शरीराला सोसणार नाहीत, ते थांबवावे लागतील. आहार सांगणाऱ्या बाईंनी प्रोटीनची पावडर लिहून दिली. तिला व्हॅनिलाचा वास होता आणि पाण्यात घातली की ती गुठळ्या धरायची. नानांनी एक घोट घेतला आणि मोरीत थुंकला. "तान्ह्या पोराचा दूध माका कित्याक?" म्हणाले. डबा तसाच फळीवर गेला.

त्या दिवसांत नानीचं तोंड पाहवत नव्हतं. ती दिवसातून चारचारदा आमच्या दारात यायची आणि तशीच परत जायची. अशात दुसऱ्या मजल्यावरच्या प्राचीनं, ती घरीच पार्लर चालवते, तिला कोलॅजेनचा डबा आणून दिला. डब्यावर एका तकतकीत बाईचा चेहरा होता. केस, त्वचा, सांधे यांसाठी चांगलं असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली प्रोटीन हा शब्द होता. नानीला तो एकच शब्द दिसला. तिनं चमचाभर पावडर माझ्या चहात घालून ढवळली आणि मी चहा पिऊन संपवेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय लागला?"

"काहीच नाही. चहासारखा चहा."

"वास नाय, रंग नाय, चव नाय," ती म्हणाली. "देवानाच धाडल्यान गो."

मग तिनं ती पावडर कुठे घातली नाही ते विचारावं. सकाळच्या चहात, पेजेत, भाकरीच्या उकडीत, कुळथाच्या पिठीत, डाळीच्या पाण्यात. गरम पदार्थात ती अशी विरघळायची की जणू नव्हतीच. तिच्या खोलीतून दिवसभर पेल्यात चमचा फिरल्याचा आवाज येई. नाना थोडं थोडं खात होते. प्राची म्हणाली, काकांच्या तोंडावर तेज आलंय. मलाही क्षणभर तसं वाटलं. मी नानीला म्हटलं, "अगं, सांगून टाक ना त्यांना. तुझ्यासाठी घेतील."

"सांगितलंय तर खातीत? तू ओळखत नाय त्या माणसाक."

मी ओळखत होते असं नाही. पण तीही भीतीपायी त्यांना ओळखेनाशी झाली होती.

घात केला सोलकढीनं. उकाडा होता, नानांनी आपण होऊन कढी मागितली आणि नानीला आभाळ ठेंगणं झालं. तिनं नारळ फोडला, दूध काढलं, आमसुलं चुरली आणि शेवटी घाईघाईनं दोन चमचे पावडर घालून रवीनं घुसळली. थंड कढीत ती पावडर नीट विरघळली नाही, वर पांढरा फेस धरला. मी तेव्हा तिथेच होते. नानांच्या जिभेची चव गेली होती, पण डोळे शाबूत होते. त्यांनी वाटी हातात घेतली, फिरवली, फेस काही बसेना.

"ह्येच्यात काय घातलंस?"

"कायएक नाय."

"साबणासारखो फेस कसलो मगे?"

"नारळ तसोच निघालो."

नानांनी वाटी खाली ठेवली. आरडाओरडा केला नाही, तो केला असता तर बरं झालं असतं. नुसतं तिच्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

त्या दिवसापासून ज्याला साल आहे तेवढंच नाना खाऊ लागले. केळं स्वतः सोलून. अंडं कवचासकट उकडलेलं, तेही आमच्या घरी येऊन, आमच्या भांड्यातलं. शहाळं समोर फोडलेलं. नानीच्या हातचा चहा नाही, पेज नाही, पुढे पुढे तिनं भरून ठेवलेलं पाणीही ओतून देऊन स्वतः नळाखाली पेला धरायचे, आणि तोल जाऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं मोरीचा कठडा. मी एकदा त्यांना म्हटलं, "नाना, ती तुमच्या भल्यासाठीच करते." अंडं सोलता सोलता ते म्हणाले, "मराक मी भियत नाय. पण फसवन जगवू नको म्हणान सांग तिका." मी सांगितलं. नानी म्हणाली, आता कबूल केलं तर तोंडसुद्धा बघायचे नाहीत.

एका दुपारी ती हातात केळं घेऊन माझ्याकडे आली. दार लोटलं आणि हळूच विचारलं, "सुयेन घालूक येयत काय गो ह्यात? सालीच्या वरना?" मला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच जिरलं, कारण ती चेष्टा करत नव्हती. तिचे डोळे रात्रभर न झोपलेल्या माणसाचे होते. ती केळं उलटसुलट करून सुई कुठून टोचली तर दिसणार नाही ती जागा शोधत होती. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

वजन आणखी उतरलं. पुढच्या खेपेला मी तिच्याबरोबर इस्पितळात गेले. तिनं पिशवीतून कोलॅजेनचा डबा काढून आहाराच्या बाईंपुढे ठेवला. त्या भल्या होत्या, आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "आजी, हे वाईट नाही, पण यांना एवढंच पुरत नाही. अंगात मांस धरायला लागतं ते सगळं यात नसतं. मी लिहून दिलेलं ते वेगळं होतं." नानीनं विचारलं, "म्हणजे इतके दीस मी घातलंय त्याचा काय झाला?" बाई म्हणाल्या, "आता त्यांना आवडेल ते द्या. तुमच्या हातचं जे खातील ते."

येताना टॅक्सीत ती डबा मांडीवर धरून बसली होती. लालबाग आलं तेव्हा म्हणाली, "माज्या हातचा."

त्यानंतर तिनं डबा प्राचीला परत केला आणि साधा स्वयंपाक सुरू केला. मऊ भात, वरून मीठ, बाजूला भाजलेला बांगडा. ताट नानांपुढे ठेवायची, त्यातला घास आधी स्वतः खाऊन दाखवायची, मग सरकवायची. नाना तिच्या तोंडाकडे बघत, दोन शितं चिवडत आणि ताट परत करत. आता त्यात खरंच काही नव्हतं आणि हे त्यांना पटवण्याची सोय तिनं स्वतःच घालवली होती. मला तिचा राग यायचा, त्याहून नानांचा यायचा. एवढा ताठा कशासाठी, मरणाच्या दारात? कधी वाटे दोघांना एका खोलीत कोंडावं आणि सांगावं की आता एकदाच खरं बोला. डोस थांबले. ज्या दिवशी नाना गेले त्या सकाळी त्यांनी शहाळ्याचे दोन घोट घेतले होते, ते सुनीताच्या हातून. सुनीता लग्न होऊन अँटॉप हिलला असते, वडिलांसाठी ती आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. नानी पेज घेऊन दाराशी उभी होती.

दहाव्याला आम्ही बाणगंगेला गेलो. पिंडांच्या बाजूला पानावर माणसाच्या आवडीचं घरचं काही ठेवतात. नानीनं कोणाला हात लावू न देता भात आणि कढी केली होती. कावळे समोरच्या भिंतीवर ओळीनं बसले होते, माना वाकड्या करून बघत होते, पण एकही खाली उतरेना. गावाहून आलेले नानांचे धाकटे भाऊ पुढे झाले आणि म्हणाले, "वयनीची काळजी करू नको, आमी आसंव." कावळे बसून. सुनीतानं हात जोडून आईला आपल्याकडे नेण्याचं कबूल केलं. जावयानंही काही पुटपुटलं. ऊन तापलं, गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला दर्भ हातात घेतला.

तेव्हा नानी उठली. गुडघे धरत पानाजवळ जाऊन बसली आणि घरात बोलावं तशा आवाजात बोलू लागली.

"अहो, आज कायएक घालूक नाय. नुसतो भात आसा. तेव्हा घातलंय ता खरा. पावडर होती ती. चायत घातलंय, पेजेत घातलंय, कढयेत पण घातलंय. तुमका बरा वाटूचा म्हणान घातलंय. तुमची आण, आज कायएक नाय."

ती दोन पावलं मागं सरकली असेल नसेल, एक कावळा उतरला, भाताला चोच लावली, आणि मागोमाग आणखी दोन आले. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. दिरांनी डोळे पुसत हात जोडले, सुनीता आईला म्हणाली, "बघ, बाबा शांत झाले." गुरुजींनी आवराआवर सुरू केली.

नानी कावळ्यांकडे बघत होती. तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती.

"सांगितल्यावर खाल्ल्यानी गो," ती म्हणाली, आणि नाना गेल्यापासून पहिल्यांदा रडायला लागली.