ओल्या बाभळीचा दांडा

मंडळी, आज डोकं फिरलंय. तेही स्वतःवरच.

मी कंधारला सुतारकाम करतो, कुऱ्हाडीचे नक्षीदार दांडे हातानं कोरतो. महिन्यापूर्वी देवणीहून शिवलिंगप्पा काका आले. सोबत वारलेल्या वडिलांची कुऱ्हाड, दांडा मोडलेला. वडिलांनी बांधावर लावलेली बाभूळ रस्त्याच्या कामात गेली, तिचा एकच सरळ तुकडा काकांनी वाचवला होता. त्याचाच दांडा पाहिजे होता, वर नंदी अन् बेलाची पानं.

मी म्हणालो, "काका, लाकूड ओलं हाय. चार-पाच महिने सावलीत वाळू द्या."

"तेवढा वेळ न्हाई हो. पुढच्या महिन्यात वडिलांचं पुण्यस्मरण हाय. कायबी करा, पण द्या."

त्यांनी हात जोडले अन् मी हो म्हणून बसलो.

वीस दिवस कोरत होतो. आज सकाळी काका न्यायला आले. त्यांच्यासमोरच कुऱ्हाडीत दांडा ठोकून बसवायला गेलो, तर कडकन आवाज झाला. चीर थेट नंदीतून गेली.

काका ओरडले न्हाईत. फुटका दांडा मांडीवर घेऊन खाली बसले. मग म्हणाले, "मला लाकडातलं काय कळतंय? तुम्हाला कळत होतं. अडवायचं होतं की मला."

दुपारपासून पटाशीला हात लावला न्हाई. घाई त्यांनीच केली, असं मनाला लई वेळा सांगून बघितलं. पटत न्हाई.

हातानं काम करणाऱ्यांनो, समोरचा माणूस हात जोडतो तेव्हा तुम्ही 'न्हाई' कसं म्हणता?