नर्सबाईला देवी पावली ती अशी

चौदा वर्षं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केलेली मी, पदवीच्या तोंडी परीक्षेत दोनदा आपटले. दोन्ही वेळा प्रश्न एकच: "डॉक्टर जवळ नसले, तर नर्सचं स्वतःचं काम काय?" मीही दोन्ही वेळा प्रामाणिकपणे सांगितलं, "डॉक्टरांना फोन लावणं." आता शेवटची संधी उरली होती. नर्सिंग हे स्वतंत्र शास्त्र आहे, त्याचे पाच टप्पे आहेत, हे पाठ होतं. पण मनाला पटत नव्हतं, आणि खरी भीती तीच होती.

म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी लोणारच्या सरोवराकाठी कमळजादेवीला गेले, तेही निर्जळी उपवास धरून. रोज पेशंटला "उपाशीपोटी हिंडू नका" म्हणून दटावणारी मी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. "आई, उत्तर तूच दे," म्हणून नवस बोलून डोकं टेकवलं आणि परतीच्या चढावर डोळ्यांपुढे अंधारीच आली.

चढ संपतो तिथं सीताफळं विकणाऱ्या एका मावशीनं मला धरून सावलीत आडवं केलं, टोपली उपडी करून तिच्यावर माझे पाय ठेवले.

"मावशी, मी नर्स आहे, मला कळतं सगळं."

"मंग गुमान पडून राह्य."

मग तिचे प्रश्न सुरू झाले. सकाळपासून काय खाल्लं? झोप लागते का? "घोर कशाचा लागला वं तुले?" सगळं ऐकून तिनं ठरवलं, "पोट खाली हाय अन् जीव भ्याला हाय. आधी पाणी, मंग सीताफळ, मंग यष्टी." मी तीनदा उठले, तिनं तीनदा दाबून निजवलं. शेवटी हार मानून पाणी प्याले, सीताफळ खाल्लं. इतक्या वर्षांत माझी अशी विचारपूस कोणी केली नव्हती, रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला. मी मावशीच सांगितली: तिनं पाहिलं-विचारलं, दुखणं ओळखलं, उपाय ठरवला आणि केला. डॉक्टर आसपासही नव्हता. परीक्षक बाई हसल्या. "चार टप्पे झाले. पाचवा?" तो काही केल्या आठवेना. तरी त्यांनी पास केलं.

पुढच्या मंगळवारी पेढे घेऊन गेले. अशा अनुभवांत मदत करणारी व्यक्ती पुन्हा दिसत नाही म्हणतात. मावशी मात्र तिथंच, गिऱ्हाइकाशी भांडत बसलेली. पेढ्यांकडे न बघता तिनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं.

"चक्कर थांबली का वं? आज जेवून आली ना?"

केलेल्याचा गुण आला का, हे पुन्हा पाहणं. हाच तो पाचवा टप्पा! देवीनं उशिरा का होईना, उत्तर पुरं दिलं होतं. माझे हात आपोआप जोडले गेले.

पण मान पुन्हा खाली गेली. नवस फेडायचा, म्हणून आजही उपाशीच आले होते. मावशीनं टोपली उपडी केली, आणि या वेळी मी हुज्जत न घालता आडवी झाले.