उभ्याउभ्या मीटिंग

एकावर एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिसल्या की मला कळंबोलीतलं आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आठवतं. मीटिंग फार लांबतात म्हणून साहेबांनी खुर्च्या पॅसेजमध्ये रचून ठेवायला लावल्या होत्या. सगळ्यांनी उभं राहायचं, मुद्द्याचं तेवढंच बोलायचं आणि संपल्याशिवाय चहा नाही. बाहेर ट्रेलर रिव्हर्स घेत असायचे, खिडकीच्या जाळीतून डिझेलचा वास आत यायचा. त्या दिवशी न्हावा शेव्याला कंटेनर का अडकलेत ते सांगून झालं आणि पाळी आली उरणहून येणाऱ्या काकांची. ऑफिसात तेच सगळ्यांत जुने. ते म्हणाले, "गाड्या सुटल्या हायत. आनी उद्यापासून मी येनार नाय." साहेब मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "ओके. नेक्स्ट." नेक्स्ट मी होते. मी टायरचं सांगितलं. मीटिंग लवकर संपली, साहेब खूश झाले. काकांनी चहा प्यायला, स्वतःचा कप धुतला, पुसून पिशवीत ठेवला आणि गेले. का चाललात, असं कुणी विचारलं नाही. आता दुसऱ्या ऑफिसात मीटिंग मीच घेते. खुर्च्या ठेवत नाही. वेळेत संपते.