पांढऱ्या छातीचा कावळा

आई गेल्यानंतर दहाव्या दिवशी, चोआ चू कांगमधल्या आमच्या ब्लॉकखालच्या हिरवळीवर पिंड ठेवून आम्ही कावळ्याची वाट पाहत उभे होतो. पक्ष्यांना खायला घालणं या देशात गुन्हा, त्यामुळे गुरुजी सारखे इकडेतिकडे पाहत होते. साळुंक्या आल्या, कावळा आला नाही. माझी मुलगी तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत हळूच म्हणाली, "मम्मा, हिअर गॉट नो क्रो लाह." देवापुढचा दिवा चुकवणार नाही, अमुक करीन, तमुक करीन, असं काय काय मी आईला मनातल्या मनात कबूल केलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही लिफ्टने वर आलो.

एक गोष्ट मात्र मी कबूल केली नव्हती. शेवटच्या आठवड्यात आई एकच म्हणत होती, "दादाशी बोल." दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, आफ्रिकेत बुजुम्बुराला एका साबणाच्या कारखान्यात इंजिनियर. आई आजारी असताना तो आला नाही. तिथल्या कामाच्या परवान्याच्या नूतनीकरणात पासपोर्ट अडकलाय, असं त्याने कळवलं होतं. मला ते निमित्त वाटलं. स्वतः इथे इतकी वर्षं एम्प्लॉयमेंट पासवर, तशाच परवान्यावर, काढलेल्या मला तरी ते कळायला हवं होतं. पण आईची औषधं, ऑफिस, मुलीची परीक्षा यांत मी पार पिळून निघाले होते, आणि थकलेल्या माणसाला कुणावर तरी राग धरावासा वाटतो. मी दादाचे फोन घेणं बंद केलं.

वर्षभर दिवा चुकवला नाही, पण तो लावताना रोज वाटायचं, आई कुठेतरी अडकली आहे. देवाला विचारावं तर तिकडूनही काही नाही. दिवा लावायचा म्हणून लावत होते. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा दादाचा निरोप आला, इकडे ये, तळ्याकाठी दोघं मिळून करू. भक्तीने गेले म्हटलं तर खोटं होईल. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं, म्हणून गेले.

दादा ज्याला तळं म्हणत होता ते टांगानिका सरोवर. पलीकडे काँगोचे डोंगर दिसले नसते तर मी त्याला समुद्रच म्हटलं असतं. दादाचे केस पार पांढरे झाले होते. त्याने पहाटे स्वतः भात शिजवला होता. मासळी वाळत घालतात तिथे कावळे असतात, म्हणून आम्ही तिथल्या वाळूवर केळीच्या पानात दहीभात ठेवला. एक कावळा होडीच्या टोकावर येऊन बसलाही, पण छाती पांढरीशुभ्र, बंडी घातल्यासारखी. "आईला हा चालेल ना गं?" दादाने विचारलं. त्याच्याशी न बोलण्याचं ठरवलेली मी हसता हसता राहिले.

अर्धा तास गेला. पानाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं हात जोडून उभे. दादा काहीतरी पुटपुटत होता. माझे पाय भरून आले होते आणि वाटत होतं, इथेही तेच होणार.

मासळी पसरणारी एक बाई मघापासून आमच्याकडे बघत होती. ती उठून आली, माझा दंड धरून मला मागे नेलं आणि पालथ्या होडीच्या सावलीत बसवलं. मग दादालाही आणून माझ्याशेजारी बसवलं आणि काहीतरी बोलली.

दादा म्हणाला, "म्हणते, तुम्ही असे उभे राहिलात तर तो येणार कसा?"

होडीला पाठ टेकली आणि मला रडू आलं. आईला आणखी काही कबूल करायचं सुचेना. मी दादाला म्हटलं, "मी तुझं खरं मानलं नाही रे. माझं चुकलं."

त्याने पायाजवळची वाळू हाताने सारखी केली. मग म्हणाला, "पासपोर्ट हातात आल्यावर तरी मी यायला हवं होतं. तुझ्यासमोर यायची भीती वाटली."

पानाकडे आमचं लक्षच नव्हतं. त्या बाईने बोट दाखवलं तेव्हा पाहिलं, तर कावळा पानावर होता.

पांढऱ्या छातीचा कावळा शास्त्रात बसतो का, हे मी गुरुजींना विचारलेलं नाही. आम्ही लांब झालो म्हणून तो आला, असं कुणी म्हणेल. तसंच असेल. त्या बाईचं नावही मी विचारलं नाही, पण रोज तिला मनातून नमस्कार करते. आता दिवा लावून झाला की काही कबूल करत नाही, काही मागत नाही. थोडी मागे सरकून बसते. रविवारी दादाचा फोन येतो, तो पहिल्या रिंगला घेते.