पोपटीच्या बागेतल्या काकी

दार चार बोटं उघडायचं, कडी हातातच धरून ठेवायची आणि आलेल्या माणसाला आधी विचारायचं, "कोनी पाठवलं तुमाला?" ही काकींची पद्धत. जेवायला आलेल्या गिऱ्हाईकाची अशी उलटतपासणी करणारं दुसरं ठिकाण तुम्ही पाहिलं असेल तर मला जरूर सांगा.

कर्जतला दहिवलीच्या बाजूला, हार्डवेअरच्या दुकानाशेजारच्या बोळातून आत गेलं की भिंतीत ते लाकडी दार होतं. पाटी नव्हती. आत आंबा, फणस, लिंबोणीची झाडं, एक विहीर आणि मोजकी टेबलं. तिन्ही बाजूंना इमारती उठल्या होत्या, तरी आत बसलं की रस्त्यावरचा हॉर्न दुसऱ्या गावातून आल्यासारखा वाटायचा. दिवाळीनंतर वालाच्या शेंगा भरल्या की हे दार उघडायचं आणि शिमग्याला बंद व्हायचं. पदार्थ एकच, पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. मडकं जमिनीवर उपडं करायचं आणि भोवती जाळ करायचा. सोबत तांदळाची भाकरी.

मी वीज कार्यालयात कारकून. पहिल्यांदा गेलो तेव्हा काकींनी मला आत घेतलं आणि लगेच विचारलं, "जेवायला आलास का मीटर बघायला?"

"जेवायला."

"मग मीटरकडं कशाला बघतोस रं?"

मीटर दाराच्या अगदी समोर होता. डोळे मिटून आत जाणं हा एकच उपाय होता.

या संशयाला कारण होतं. नवरा गेल्यावर दिरानं गोड बोलून शेत विकायला लावलं होतं. उरली ती ही बाग. तिच्यावर डोळा ठेवून दलाल यायचे, तेही गिऱ्हाईक बनून. एकानं भाकरी मोडता मोडता विचारलं, "काकी, जागा किती गुंठे असेल हो?" काकींनी त्याच्यासमोरचं ताट उचललं. "झालं तुमचं जेवन," म्हणाल्या, आणि जाऊन दार उघडून उभ्या राहिल्या. त्या माणसाच्या हातात शेंग तशीच होती.

तेव्हापासून बागेत फोटो काढायचा तर फक्त ताटाचा. झाडाचा नाही, भिंतीचा तर मुळीच नाही. विहिरीपलीकडे कुणी गेलं की जाळाजवळून हाक यायची, "तिकडं काय हाय?" तुम्ही मोहोपाड्याचे म्हणालात तर कुठल्या कॉलनीतले ते विचारायच्या, आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारायच्या, उत्तर तेच येतं का बघायला.

अशात एक मोहोपाड्याचेच गृहस्थ दर गुरुवारी येऊ लागले. साठी उलटलेले, पांढरा शर्ट, एकटेच. थोडंसं जेवायचे आणि मग हात मागे बांधून भिंतीच्या कडेकडेनं चालायचे. मधेच एखाद्या झाडापाशी थांबायचे. ओठ हलायचे.

"पावलं मोजतोय बघ," काकी माझ्या कानाशी म्हणाल्या. "जागेचं माप घेतोय. तू हापिसातला मानूस, बोल त्याच्याशी."

मी त्यांच्या टेबलावर जाऊन बसलो. कशाला येता, असं आडून विचारलं. "असंच," म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "यांना मुलंबाळं आहेत का हो? यांच्यानंतर कोण बघणार हे?" आता मात्र माझीही खात्री पटली. काकींना सांगितलं तेव्हा त्यांनी जाळातलं लाकूड जोरात आत सारलं.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी ते चालायला उठले तशा काकी वाटेत उभ्या राहिल्या.

"कोन बिल्डर हाय तुमचा? नाव सांगा."

ते गोंधळले. मग आंब्याच्या पारावर बसले आणि खाली मान घालून बोलू लागले. "आयुष्यभर केमिकलच्या कारखान्यात नोकरी केली. त्यात नाक गेलं. कसलाच वास येत नाही. घरात दूध करपलं तरी कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, आता आशा सोडून द्या. या थंडीत एका पाहुण्यांकडून परत जात होतो, तुमच्या बोळाशी आलो आणि एकदम वास आला. पाल्याचा. मी रस्त्यातच उभा राहिलो. मागनं टेंपोवाला शिव्या देत होता."

काकी ढिम्म. "आन भिंतीकडंनं काय पुटपुटता?"

"पान चुरगळतो, झाडाचं नाव घेतो, वास येतो का बघतो. नाही येत."

"माज्या पोराबाळांची चौकशी कशाला?"

"पुढच्या वर्षी ही बाग राहील का, ते कळावं म्हणून."

मला वाटलं, आता काकी विरघळतील. त्या गेल्या आणि मुठीत पानं घेऊन आल्या. "डोळे मिटा." एक पान चुरगळून त्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. दुसरं. पुन्हा मान हलवली. तिसऱ्याला त्यांचा चेहरा उजळला. "हा. हाच तो पाला."

"बरं," काकी म्हणाल्या. "बसा."

मी नंतर विचारलं, विश्वास कसा बसला? "लिंबू, तुळस, समदं वळखलं असतं तर हाकलला असता. खोटा मानूस कमी वळखत नाय."

त्यानंतर दर गुरुवारी परीक्षा ठरलेली. काकी पानं पाठीमागं लपवून आणायच्या, क्रम बदलायच्या, एकदा तर मुठीत काहीच नव्हतं. त्या बिचाऱ्यांनी रिकाम्या मुठीचाही मन लावून वास घेतला. शिमग्याच्या थोडं आधी एका संध्याकाळी ते डोळे मिटूनच हळू म्हणाले, "लिंबू?"

काकींनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं. "डोळं किलकिलं केलंत काय?" आणि मडक्याकडं वळल्या. पदरानं तोंड पुसलं. धूर फार झालाय म्हणाल्या. धूर उलट्या दिशेला जात होता.

पावसाळ्यात काकी गेल्या. मला ते फार उशिरा कळलं. दिवाळीनंतर बोळात गेलो तर भिंत पाडलेली, निळे पत्रे ठोकलेले, आत जेसीबीचा आवाज. पत्र्यांसमोर ते गृहस्थ उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

हार्डवेअरच्या दुकानात पत्ता विचारून आम्ही दोघं पोशीरला काकींच्या बहिणीकडं भेटायला गेलो. म्हातारीनं ओटीवर बसवलं, चहा दिला. म्हणाली, "शिमग्यापासनं मागं लागले व्हते, आक्का, एकटी राहू नको, हितं ये. आली असती. पन ऐकंल तर शप्पत."

"का?" मी विचारलं.

"म्हनायची, दोन मानसं येतात थंडीत. एक मोहोपाड्याचा, एक लायटीच्या हापिसातला. दोगांचा काय नेम नाय गं, लक्ष ठेवायला मी हितं नको का?"

गृहस्थ हसले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. म्हातारीनं आत जाऊन आमच्यासाठी आणखी चहा टाकला.