त्र्यंबकरावांनी काढलेला चांगला दात

पकडीत दात करकरला आणि माझी खात्री झाली, हा तो नव्हे. माझी दुखणारी दाढ अगदी मागची होती. त्र्यंबकरावांच्या हातात आली ती तिच्या पुढची, धडधाकट, मुळांसकट. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि त्यांचा हात क्षणभर तसाच राहिला. सासूबाई माझं डोकं दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. सासरे उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसले होते. माझ्या तोंडात रक्त होतं, जीभ भुलीनं जड झाली होती आणि घुंगट नाकापर्यंत ओढलेला होता.

"हो गया, बेटा," सासूबाई म्हणाल्या. "आता बिलकुल दुखणार न्हाई."

त्र्यंबकरावांनी दाढ कापसात गुंडाळून खिशात टाकली, हात धुतले आणि गेले.

त्र्यंबकराव म्हणजे जालन्यातले दाताचे डॉक्टर. उंच, रुंद मनगटांचे, कपाळावर कायम आठी. कॉलेजात शिकलेले नव्हते. हैदराबादेत एका दाताच्या डॉक्टराकडे बरीच वर्षं राहून काम शिकले होते. नवा कायदा आला तेव्हा इतकी वर्षं धंदा करत असल्यामुळे त्यांचं नाव सरकारी नोंदणीत लागलं आणि तो कागद त्यांनी काचेत घालून दुकानात लावला. हात मात्र चांगला होता. त्यात खोट काढायला मी बसलेली नाही. दोष दुसराच होता. माणूस खुर्चीत बसून दुखण्याची हकिगत सांगायला लागला की ते म्हणायचे, "बडबड नको. तोंड उघडायचं ते दातासाठी." लोकांना याचं कौतुक होतं. बाहेर येऊन नक्कल करून दाखवायचे.

आमच्यासारख्या मारवाडी घरांतल्या बायका दुकानात जात नसत. त्र्यंबकराव घरी येत. सून सासऱ्यांसमोर बोलत नसे, परक्या पुरुषासमोर तर नाहीच, म्हणून कुठं दुखतं ते सासू सांगायची. मी राजूरची, चौथी शिकलेली. माहेरी तोंड चालायचं, इथं ते बंद झालेलं. सासूबाईंना माझ्या तोंडात काळा डाग असलेली दाढ दिसली, ती त्यांनी दाखवली. त्र्यंबकरावांनी त्यांनाच विचारलं, "हीच का?" त्या म्हणाल्या, "हीच." मी हात वर केला. सासूबाईंना वाटलं, पोरगी घाबरली. त्यांनी तो हात धरून खाली ठेवला.

दुखणं थांबलं नाही. घरच्यांना वाटलं, जखम ठणकते आहे. मग गाल सुजला, मग जबडा मिटला. तांदळाची पेज चमच्यानं ओठांतून आत जाईना. ताप डोक्यात गेला आणि मी माहेरची नावं घेऊन हाका मारायला लागले, तेव्हा मला मोठ्या दवाखान्यात नेलं. हनुवटीखाली चिरून पू काढला आणि ती मागची दाढही काढली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांना तोंडावर सांगितलं, "एक दिवस उशीर केला असता तर हिला जिवंत घेऊन आला नसतात." तो व्रण अजून आहे. पदरानं झाकत नाही.

सासऱ्यांनी तक्रार केली. चुकीचा दात काढला, सून मरता मरता वाचली, याचं नाव नोंदणीतून काढा. नाव निघालं की दुकान बंद. चौकशी औरंगाबादला होणार असं ठरलं. सासूबाईंनी मला जवळ बसवून शिकवलं, "तू बोट लावून बराबर दाढ दाखवली, तरी यानं दुसरी काढली, असं सांगायचं. माझं नाव न्हाई घ्यायचं."

त्याच आठवड्यात त्र्यंबकरावांची बायको मला मंदिराच्या ओट्यावर भेटली. कधी नव्हे ती बाहेर आलेली. म्हणाली, "बाई, येवढंच सांगा की त्यांनी विचारलं अन् तुम्ही मान हलवली. घुंगटात कुणाला दिसलं? आमच्या दोन पोरी उजवायच्या आहेत."

"तुमच्या मालकांनी पाठवलं का?"

"त्यांना कळलं तर मला घरात घ्यायचे न्हाईत."

मी काही कबूल केलं नाही. दोन्हीकडच्या लोकांना माझ्या तोंडून काहीतरी हवं होतं, आणि ते तोंड अजून नीट उघडतही नव्हतं. मला कंटाळा आला होता. शहाणपण किंवा हिंमत म्हणू नका, कंटाळाच होता तो.

औरंगाबादला टेबलामागे तीन पुरुष बसलेले. एका बाजूला सासरे आणि मी, दुसऱ्या बाजूला त्र्यंबकराव एकटे, स्वच्छ कोट घालून. मधल्या साहेबांनी कागद चाळले आणि सासऱ्यांना विचारलं, "यांनी कोणती दाढ दाखवली होती?"

सासरे सांगायला लागले. मी घुंगट कपाळापर्यंत मागं घेतला.

"मी दाखवलीच नाही," मी म्हणाले. "मला कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी सासूबाईंना विचारलं. तुम्ही यांना विचारताय."

सासरे ओरडले, "बहू!" साहेबांनी हातानं त्यांना खाली बसायला सांगितलं. मग त्र्यंबकरावांकडे वळले. "तुमचं काय म्हणणं आहे? घरची रीतच तशी असेल तर डॉक्टर काय करणार? तसं लिहून घेतो."

वाट मोकळी करून दिली होती त्यांनी. मला वाटलं, हा माणूस आता हो म्हणणार. मी असते तर म्हटलं असतं.

त्र्यंबकराव उभे राहिले. "बाई बराबर बोलतात. मी विचारलं न्हाई. बाईंनी हात वर केल्ता, तो मी पाह्यला. अन् दाढ हातात आल्यावर मला कळलं ही चांगली आहे म्हणून. शेठ दारात बसलेले होते. मी दाढ खिशात टाकून निघून आलो. तवाच बोललो असतो तर दुसरी त्याच बैठकीत निघाली असती."

 मधल्या साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं.

वर्षभर नाव काढलं. त्र्यंबकरावांनी दुकानाला कुलूप लावलं आणि वाटूरला भावाच्या शेतावर जाऊन राहिले. त्यांच्या थोरलीचं ठरलेलं लग्न त्या वर्षी मोडलं. हे मी ऐकलं, आणि ऐकून गोड वाटलं नाही. आमच्या घरी सासरे माझ्याशी पुढं कधी बोलले नाहीत. सासूबाई बोलायच्या, पण भिंतीकडे बघून.

वर्षानं कुलूप निघालं. काचेतला कागद परत लागला, आणि त्याखाली खिळ्याला एक हातआरसा लटकला. आलेल्या माणसाच्या हातात आधी आरसा द्यायचा. "बोट लावा. तुम्ही स्वतः." बोट लागल्याशिवाय पकड उचलायची नाही. बाई असेल तर बरोबरच्या माणसाला पायरीवर बसवायचे.

दुसऱ्या वेळी दाढ दुखली तेव्हा मी स्वतः दुकानात गेले. सासरे तोवर वारले होते. माझ्या आधी एक शेतकरी जोडपं होतं. नवरा पायरीवरूनच सांगत होता, "खालची, डाव्या अंगाची, गरम लागलं की..."

"तुमची दाढ दुखून राह्यली का?"

"न्हाई, हिची."

"मंग तुम्हाला काय ठावं? का तुम्हीच बसता खुर्चीवर? बसा, तुमची काढतो."

ती बाई पदरात तोंड घालून हसली आणि मग तिनं बोट लावलं. उजव्या अंगाला.

माझी पाळी आली. त्यांनी मला ओळखलं, हनुवटीखालचा व्रण पाहिला. माफी मागितली नाही. मीही अपेक्षा केली नव्हती. आरसा पुढं केला. मी बोट लावलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, गरम, गार, रात्रीची कळ, कानापर्यंत जाणारा ठणका. ते हातात पकड घेऊन उभे राहिले आणि मध्ये एकदाही बोलले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाले, "अजून काही?"

"नाही."

"मंग उघडा."

बरोबर दाढ काढली. मुळाशी पू होता, तो मला आरशात दाखवला.

त्र्यंबकराव वारले तेव्हा दुकान धाकट्या जावयानं विकून टाकलं. आरशाचं काय झालं माहीत नाही. चौकशीतल्या त्या तिघा साहेबांचं माहीत नाही. सासूबाई फार पूर्वीच गेल्या. त्या दिवशी त्या खोलीत आणि उंबऱ्यावर मिळून चार माणसं होती. त्यांतली आता मीच तेवढी आहे. तोंडात एकही दात उरलेला नाही.